नावाची घाई

शेटे सिस्टर एखादी बाई तपासायला घेतली की स्वतःच्या खुर्चीवर कधीच बसायच्या नाहीत. खुर्ची त्या आलेल्या बाईला द्यायच्या, आणि स्वतः लाकडी स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसायच्या. कारण आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या दाराला कडी नव्हती. तीनदा अर्ज केले, तिन्ही वेळा ‘मंजूर’ असा शेरा आला, कडी काही आली नाही. बाहेर सासू, जाऊ, नणंद, उगाच काळजीत पडलेला एखादा दीर, सगळे दाराला कान लावून उभे. कुणी दार ढकललं की ते सिस्टरांच्या पाठीवर आदळायचं. त्या मागं न बघता गरजायच्या, “थांबा की भाईर! कडी न्हाई तर न्हाई, मी हाय की हितं!” आणि पुढच्याच श्वासाला समोरच्या बाईला हळू आवाजात म्हणायच्या, “हं, बोल माय. आता कुनी न्हाई.”

कुणी नाही कसं? कोपऱ्यात मी होते. पण मला त्या माणसात धरत नसत. नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते. गावातल्या बायका त्यांना मोठी सिस्टर म्हणत आणि मला बारकी सिस्टर. मला या ‘बारकी’चा भयंकर राग यायचा. प्रशिक्षणात मी दुसरी आले होते, महाराजा! सगळ्या रोगांची नावं मला पाठ होती आणि समोर बाई दिसली रे दिसली की एखादं नाव जिभेवर यायचंच.

सिस्टरांचं नेमकं उलटं. त्या मूळच्या केजच्या, लिंगायत घरातल्या. बाजारात वडिलांचं किराणा दुकान. पांढरी साडी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि विचार करताना ती डबी बोटांनी चाचपायची सवय. त्यांची अर्धी डॉक्टरकी दुकानातून आलेली होती. मला म्हणायच्या, “आमच्या अन्नांकडं पिवळ्या पुड्या चार हुत्या. हळद, बेसन, मेथीची पूड अन् गंधक. वरून बघितलं तर समद्या सारख्या. अन्ना पुडी सोडायचे, वास घ्यायचे, चिमटीत धरून बघायचे, मग नाव घ्यायचे. घाईनं गंधक पिठल्यात पडलं म्हंजे?”

ही पुड्यांची गोष्ट त्या कशावरून सांगायच्या तेही सांगायला हवं. आमच्याकडच्या बायका एकच वाक्य घेऊन येतात, “अंगावरून जातंय.” त्या एका वाक्यात काय काय असतं! सिस्टर प्रत्येकीला एकेक करून विचारायच्या. रंग कसा? वास कसा? खाज आहे का? दुखतं का, आणि कुठं? कधीपासून? मग मला समजावून सांगायच्या. दह्याच्या चोथ्यासारखं जातंय आणि जीव जाईस्तोवर खाज आहे, तर ती बहुतेक बुरशी. ती पोटुशीला होते, साखरेच्या रोग्याला होते, गोळ्या खाल्ल्यावरही होते. पातळ, राखट, नासक्या मासळीसारखा वास, तर आतला समतोल बिघडलाय. पण पिवळं-हिरवं, पुवासारखं, ओटीपोटात कळ, ताप, नाहीतर जागेवर जखम, तर तिथं संगतीनं लागणाऱ्या रोगाचा विचार करायचा आणि नवऱ्यालाही औषध द्यायचं. “अन् निम्म्या जणींना तर काईच नसतं. पाळीच्या मधी पांढरी तार सुटती, ती अंगाची रीतच हाय. तिला बी आपल्या बाया रोग समजून कुढत बसत्यात.” एवढं सांगून झाल्यावर शेवटी डबी चाचपत म्हणायच्या, “अन् समदं इचारूनबी बघितल्याबिगर खात्री न्हाई. बघूनबी कवा कवा तपासनीला धाडल्याबिगर न्हाई. तवर तोंडातून नाव काढायचं न्हाई.”

मला हे फार वेळखाऊ वाटायचं. माझ्या पिशवीत प्रशिक्षणात मिळालेला एक तक्ता होता, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला. त्यात चौकोन होते, बाण होते. तक्रारीवर बोट ठेवायचं, बाण जिकडं नेईल तिकडं जायचं, आणि शेवटी जे औषधाचं पाकीट येईल ते हातात द्यायचं. किती सुटसुटीत! तक्त्यावरही बारीक अक्षरात ‘विचारा’ आणि ‘तपासा’ लिहिलं होतं. पण बारीक अक्षर वाचायला वेळ कुणाला होता?

त्या वर्षी दुष्काळ असा होता की उमापूर आणि तलवाड्याच्या मधल्या माळावर हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. सोसायटीनं तिथं जनावरांची छावणी उघडली. चारशे-पाचशे जनावरं, त्यांच्या शेजारी ताडपत्र्या आणि पाचटाची खोपटं टाकून राहिलेली माणसं, आणि दिवसाआड येणारा पाण्याचा एक टँकर. पाणी आधी जनावरांच्या हौदात जायचं, त्यातून उरलं तर माणसाला, आणि माणसातून उरलं तर बाईला. मोरी नाही, आडोसा नाही. दर गुरुवारी आमच्यापैकी एकीनं तिथं जाऊन बायका-पोरांना बघायचं होतं. त्या गुरुवारी सिस्टर बाळंतपणात अडकल्या म्हणून मी एकटीच गेले. एकटी जायला मिळालं म्हणून खूश होते, खोटं का बोलू?

तिथं वैजंता आली. हे तिचं खरं नाव नाही. वय तेवीस, पाच वर्षांची एक मुलगी. नवरा अंकुश दिवाळीपासून पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला गेलेला. छावणीत ती, सासरा आबा, जाऊ, आणि दोन म्हशी. चाऱ्याच्या काट्याजवळ ताडपत्रीच्या सावलीत मी टेबल टाकलं होतं. मागं वीस-पंचवीस बायकांची रांग, बाजूला काट्यावर गडीमाणसं. वैजंता वाकून कानाशी आली आणि म्हणाली, “ताई, अंगावरून जातंय. आग बी लई हुतीया.”

मी तक्ता काढला, बोट ठेवलं, बाण सरकला. पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हा गुप्तरोग असू शकतो. नवऱ्यालाही हेच औषध घ्यावं लागेल. त्याला बोलावून घे.”

तिचा चेहरा गोंधळला. “पर ताई, त्यो तर दिवाळीपास्नं हितं न्हाई.”

आणि मी, परीक्षेत दुसरी आलेली, म्हणाले, “मग कुणाकडून आलं?”

हा प्रश्न कुठल्याही तक्त्यात नव्हता. तो माझा स्वतःचा होता. वैजंताच्या मागं तिची जाऊ उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. काट्यावरचा गडी हातातली पेंढी तशीच धरून माझ्याकडं बघत राहिला. मी पुढच्या बाईला हाक मारली.

शनिवारी सकाळी छावणीतली एक म्हातारी उपकेंद्रात आली, पाय दुखतो म्हणून. गोळ्या घेताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, “बारके सिस्टर, पेटवून दिलीस की गं छावनी.” मग तिनं सगळं सांगितलं. गुरुवारीच संध्याकाळपर्यंत बातमी खोपटाखोपटात गेली होती. शुक्रवारी आणखी बायकांनी एकमेकींना कबूल केलं की आपल्यालाही तेच होतंय, तशीच आग, तसंच जाणं. मोजता मोजता अकरा जणी निघाल्या. बायकांना वाटलं पाणी बाधलं. पुरुषांनी वेगळाच हिशेब केला. अकरा जणींना एकच रोग, म्हणजे देणाराही एकच. आणि छावणीत बाहेरचा माणूस कोण येतो? टँकरवाला. पोरं काठ्या घेऊन त्याची वाट बघत बसली. त्याला कुणकुण लागली आणि तो आलाच नाही. कालपासून हौद कोरडा होता, जनावरं हंबरत होती. आबांनी अंकुशला फोन करून बोलावलं होतं. वैजंताला माहेरी घालवायचं ठरलं होतं. मुलगी मात्र ठेवून घ्यायची.

मी धावत सिस्टरांकडं गेले. त्या डबा उघडून भाकरी मोडत होत्या. मी सगळं सांगितलं. ‘मग कुणाकडून आलं’ हेही सांगितलं. त्यांनी भाकरी डब्यात परत ठेवली.

“रंग इचारलास?”

“नाही.”

“वास?”

“नाही.”

“कवापासनं, कशानं धुतीस, दुखतंय का?”

मी मान हलवली.

“मग गुप्तरोग तुला कुनी सांगितला?”

“तक्त्यात होतं, सिस्टर.”

“तक्त्याला डोळे न्हाईत, पोरी. तुला हुते.” एवढंच. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी भरली, हातमोज्यांचं खोकं घेतलं, आणि आम्ही वडापच्या जीपमध्ये बसलो. वाटेत त्या नुसती डबी चाचपत राहिल्या.

छावणीत शिरताच मला कळलं की इथं आता काहीही होऊ शकतं. माणसं घोळक्याघोळक्यानं उभी होती. आबा उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर बसले होते आणि नातीला त्यांनी दोन गुडघ्यांत धरून ठेवलं होतं. वैजंता म्हशीच्या दावणीजवळ. शेजारी गाठोडं बांधलेलं. माहेराहून भाऊ न्यायला येणार होता. ती रडत नव्हती. सिस्टर तिच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “इहिरीत पानी आसतं तर समद्यांचा तरास कवाच मिटला आसता, सिस्टर. कोरडीत उडी मारून नुसते पाय मोडायचे.”

सिस्टरांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. “आता ग्वाड बोल. पोरगी बघतीया.”

आबा उठून आले. “सिस्टर, तुमचं हितं काम न्हाई. रोग तुमच्याच बाईनं सांगितलाय, समद्यांदेखत.”

“सांगितला आसंल,” सिस्टर म्हणाल्या. “मी अजून बघितला न्हाई.”

काट्याजवळ सोसायटीची पत्र्याची खोली होती. सिस्टरांनी आतल्या कारकुनाला बाहेर काढलं, वैजंताला आणि मला आत घेतलं. त्या दारालाही कडी नव्हती. माणसाच्या नशिबात कड्याच नसतात काही वेळा. सिस्टर दाराला पाठ लावून जमिनीवरच बसल्या. पत्रा तापलेला, आत भट्टी, आणि बाहेर आवाज वाढत चाललेले.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, जणू साऱ्या दुनियेत त्यांना दुसरं कामच नव्हतं. रंग? पाण्यासारखं, राखट. वास? येतोय. ओटीपोटात कळ? नाही. ताप? नाही. फोड, जखम? नाही, पण सोलवटल्यासारखं झालंय. कधीपासून? तीन आठवडे. आग कधी होते? लघवीला जाताना का?

“न्हाई. धुतल्यावर.”

सिस्टर थांबल्या. “तुझं फडकं दाखीव.” वैजंता लाजेनं मरायला टेकली, पण गाठोड्यातून फडकं काढलं. सिस्टरांनी ते सरळ नाकाशी नेलं. मी तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, “ह्याला म्हशीच्या गोठ्याचा वास कावून येतोय गं? कशानं धुतीस?”

त्याच क्षणी दार धाडकन सिस्टरांच्या पाठीवर आदळलं. बाहेर नवाच आवाज होता. “दार उघडा! माझी बायको हाय आत!” अंकुश आला होता. तीनशे कोस आल्यासारखा धापा टाकत होता. मागून कुणीतरी त्याला चिथावत होतं, “ढकल बे, ढकल!”

दुसरा धक्का बसला. सिस्टरांचं डोकं पत्र्यावर आपटलं, चष्मा खाली पडला. मी उठले तर मला हातानं खाली बसवलं आणि तशाच म्हणाल्या, “तुझीच हाय रे बाबा. म्हनूनच भाईर थांब. घटकाभर दम धर, जलमभराचा इचार हाय.” काय झालं कोण जाणे, तिसरा धक्का आला नाही. सिस्टरांनी चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि वैजंताला परत तेच विचारलं, त्याच आवाजात. “कशानं धुतीस, माय?”

“कासंच्या औषधानं,” वैजंता म्हणाली.

दूध सोसायटीनं छावणीत प्रत्येक दुभत्या म्हशीमागं एक बाटली वाटली होती. पाण्याअभावी म्हशींच्या कासा अस्वच्छ राहतात, दगडी होऊन कास सुजते, दूध नासतं. म्हणून ते तांबडं-काळं औषध. पाण्यात बूचभर टाकायचं, कास पुसून घ्यायची. पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं.

“कुनी सांगितलं तुला?”

“कुनी न्हाई. आठ-आठ दिस आंगाला पानी न्हाई, सिस्टर. घान वाटायचं. म्हन्लं, एवढ्या पान्यात म्हशीची कास निर्मळ हुती, तिला रोग हुत न्हाई, तर आपल्याला कावून व्हावा? तांब्याभर पान्यात घालून धुत गेले, आतून बी. पयल्यांदा लई बरं वाटलं. मग दुसऱ्या बाया बी मागायल्या. मीच दिलं समद्यांना.” आणि मग ती रडली, गुरुवारपासून पहिल्यांदा. “आग व्हायली तशी मी बूचभराचं दोन बूच केलं. म्हन्लं, रोग जाईल.”

सिस्टरांनी तिला तपासलं. नीट, सावकाश. मला जवळ घेऊन दाखवलं. औषधानं भाजलेली, लाल झालेली कातडी. आणि त्या धुण्यानं आतलं जे काही राखणदार होतं ते मरून गेलेलं, म्हणून तो वास, ते जाणं. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बाकीच्या धा जनी एकेक करून आत धाडा. तवर कुनी काई बोलायचं न्हाई.” सोसायटीचे चेअरमन तोवर आले होते. पांढरे कपडे, घाम पुसत. म्हणाले, “सिस्टर, निकाल सांगा, लोक तापलेत.” सिस्टर म्हणाल्या, “तापू द्या. मी अकरा बायांना बघनार, मग बोलनार.”

ऊन कलेपर्यंत आम्ही दहा जणींना बघितलं. सगळ्यांच्या खोपटात ती बाटली. सगळ्यांना ती आग. एकीला मात्र आणखी काहीतरी होतं. ओटीपोटात कळ, अंगात कणकण, आणि जे जात होतं ते पुवासारखं. ती कोण, हे मी आजही सांगणार नाही. तुम्ही अंदाज कराल, तो चुकेल. ती बाहेर गेल्यावर मी सिस्टरांच्या कानाला लागले. “सिस्टर, ही खरी! हिचं सांगितलं की वैजंता सुटेल. त्यांना एक नाव हवंय.”

सिस्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की मला स्वतःचीच किळस आली. “तीन दिसांत तू काईच शिकली न्हाईस व्हय गं? एकीचं पडलेलं घर उभारायला दुसरीचं आढं उपसायचं?” मग त्यांनी तपकिरी कागदाच्या अकरा पुड्या बांधल्या, वरून सगळ्या सारख्या. एका पुडीत गोळ्या वेगळ्या होत्या. त्या बाईचा नवरा त्याच छावणीत होता. त्याला त्यांनी चार दिवसांनी ‘धनुर्वाताची सुई राहिलीय’ म्हणून उपकेंद्रात बोलावून घेतलं, दार लोटून चांगलं तासभर झापलं, औषध दिलं, आणि नवराबायकोला रक्त तपासायला गेवराईला धाडलं. हे छावणीत कुणालाही कधी कळलं नाही.

पण तो नंतरचा भाग. त्या संध्याकाळी सगळा माळ काट्याजवळ गोळा झाला होता. मला वाटलं सिस्टर बोलतील. त्यांनी मला पुढं केलं. “तू बोलली हुतीस ना? मग तूच बोल.”

मी म्हणाले, “गुरुवारी मी न तपासता, न विचारता बोलले. चूक माझी झाली.” इतक्या माणसांपुढं आयुष्यात पहिल्यांदा बोलले आणि ते हे.

सिस्टरांनी बाटली वर धरली. “म्हशीच्या कासंचं औषध. बायांनी पान्याबिगर ह्यानं आंग धुतलं अन् भाजून घेतलं. बाकी दुखनीखुपनी ज्याची त्याला सांगितलीत, ती ज्याची त्याच्यापाशी.” कुणीतरी फिसकन हसलं. चेअरमनांनी त्याच्याकडं बघितल्यावर गप्प झालं.

आबा पुढं आले. “म्हंजी आमची सून चांगली हाय, असं लिवून द्या.”

मला वाटलं, द्या ना लिहून, एवढंच तर मागतोय! सिस्टर म्हणाल्या, “मी आंगाचं सांगते, आबा. मानूस चांगलं का वंगाळ, ह्याचा काटा माझ्यापाशी न्हाई, अन् तुमच्यापाशी बी न्हाई. आन् आज सांगून ठिवते. उद्या कुन्या बाईला तसला रोग निघालाच, तर तिला सांजच्या गाडीनं माहेरी घालवायचं न्हाई. असला रोग बाईच्या पायानं चालत येत न्हाई, लई येळा घरचाच धनी आनतो. तवा पयले ह्या माळावरचे समदे मर्द लायनीत हुबे करीन.”

कुणी हसलं नाही. मग त्यांनी चेअरमनांकडं दोन गोष्टी मागितल्या. ताडपत्रीचा एक आडोसा आणि रोज पाण्याचा एक पिंप, फक्त बायकांसाठी. चेअरमन म्हणाले, जनावरांनाच पुरेना झालंय. “मंग बाया कासंचं औषध लावतील,” सिस्टर म्हणाल्या, “अन् पुढल्या येळी टँकरवाल्याच्या जागी पोरं तुमचं नाव घेतील.” दुसऱ्या दिवशी पिंप आला. टँकरही आला.

आबांच्या गुडघ्यांतून मुलगी कधी सुटली ते मी पाहिलं नाही. अंकुशनं गाठोडं उचललं आणि सोडलं नाही, नुसता धरून उभा राहिला. वैजंता माझ्यासमोरून गेली, तेव्हा थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. म्हणाली, “ताई, हळू बोलायचं हुतं.”

त्यानंतर सात वर्षं मी सिस्टरांच्या हाताखाली काम केलं. त्यांनी तो गुरुवार कुणाला सांगितला नाही, वरिष्ठांना कळवला नाही. मी शिकले. आवाज खाली आणायला शिकले, वास घ्यायला शिकले, “आत्ता सांगता येत नाही” असं म्हणायला शिकले. हे शेवटचं सगळ्यात अवघड. त्या निवृत्त होऊन केजला भावाकडं गेल्या. पुढं त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. मी महिन्यातून एकदा जायचे. दर खेपेला विचारायच्या, “ती वैजंता कशी हाय गं?” मी म्हणायचे, “बरी असेल. जोडीनं ऊस तोडायला जातात आता.” मला ठाऊक काही नव्हतं.

मग एका वर्षी तोडीला निघणाऱ्या मजुरांच्या तपासणीत ती माझ्यासमोरच आली. मला तिनं आधी ओळखलं. “बारक्या सिस्टर न्हवं का तुमी?” मी नोंदीसाठी पाळीची तारीख विचारली. म्हणाली, “पिशवी काढून तीन वर्सं झाली, ताई. परत तसंच जायला लागलं हुतं. शहरात खाजगी डाक्टर म्हनला, काढून टाक.” तेव्हा ती अठ्ठावीसची असणार. मी म्हणाले, “अगं, आमच्याकडं का नाही आलीस? कदाचित गोळ्यांनी गेलं असतं!”

“कावून यू?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. “आता पिशवीच न्हाई. मंग रोग बसनार कुठं, अन् मानसं बोलनार काय?”

पुढच्या वेळी केजला गेले तेव्हा ठरवून गेले होते की सांगायचं नाही. सिस्टर खाटेवर होत्या, अंगावर सूज, डोळे मात्र तेच. त्यांनी विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही.

“मला वाटायचं, ती एक तरी सुटली,” म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “तू तिला काय म्हनलीस?”

“काय म्हणणार? माफी तर छावणीतच मागितली होती.”

“ती मानसांपुढं मागितलीस. मीच मागायला लावली. तिच्याम्होरं कवा मागितलीस?”

त्यांनी पाणी मागितलं, मी पेला धरला. आठ दिवसांनी त्या गेल्या. त्यांच्या रिवाजाप्रमाणं बसलेल्या स्थितीत त्यांना माती दिली. मी मूठभर माती टाकली आणि घरी न जाता तशीच वैजंताच्या गावच्या एसटीत बसले.

वैजंता ओसरीवर ज्वारी निवडत होती. टोळी दोन दिवसांनी निघणार होती. मुलगी मोठी झालेली, दारात वेणी घालत होती. वैजंतानं तिला आत पाठवलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि जे बोलायचं होतं ते बोलले, हळू, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं. ती सुपातले खडे वेचत राहिली. सूप रिकामं झालं, तिनं दुसरं भरून घेतलं.

“लई उशीर केलात, ताई,” ती म्हणाली.

मी उठले नाही.